टाइप आर, मेगान आरएस, आय३० एन: एक दिवस आयफेलच्या रस्त्यांवर, एक दिवस झोल्डरला

जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांब ट्रॅकवरचे दोन आकडे आधी शेजारी ठेवून बघा. २०१९ मध्ये रेनॉ मेगान आरएस ट्रॉफी-आरने ७ मिनिटे ४०.१०० सेकंदांचा लॅप नोंदवला. २०२३ मध्ये होंडा सिव्हिक टाइप आरची एफएल५ पिढी ७ मिनिटे ४४.८८१ सेकंद घेऊन आली आणि पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाड्यांचा विक्रम तिच्या नावावर लागला. जास्त वेळ घेऊन विक्रम? कारण मेगानचा तो आकडा २०.६ किलोमीटरच्या जुन्या मापाचा होता. पूर्ण २०.८३२ किलोमीटरच्या फेरीला तिला ७ मिनिटे ४५.३८९ सेकंद लागले होते. म्हणजे खरा फरक अर्ध्या सेकंदाचा. त्यात होंडा मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ कनेक्ट टायरवर होती, तर मेगान ब्रिजस्टोनवर. शिवाय मेगानमधून मागची सीट आणि मागची चाकं वळवणारी यंत्रणा दोन्ही काढून टाकलेली होती. या आकड्यांवरून वापरायची गाडी निवडायची म्हणजे लग्नाच्या फोटोवरून स्वभाव ओळखण्यासारखं आहे.

आम्ही ज्या तीन गाड्यांची तुलना केली त्या शोरूममधल्या नव्हत्या, आणि आता असूही शकत नाहीत. एफके८ पिढीची (एफएल५च्या आधीची) टाइप आर ज्या कारखान्यात बनायची तो ब्रिटनमधला स्विंडनचा कारखाना २०२१ मध्ये बंद झाला. मेगान आरएस २०२३ मध्ये संपली, आणि पेट्रोलवरची ह्युंदाई आय३० एन २०२४ मध्ये युरोपच्या यादीतून गेली. आता सगळा व्यवहार सेकंडहँड बाजारात. म्हणून तुलनाही तशाच गाड्यांची: २०२० च्या फेसलिफ्टनंतरची एफके८, मॅन्युअल गिअरची मेगान आरएस ट्रॉफी आणि पहिल्या आवृत्तीची आय३० एन परफॉर्मन्स. तिन्हींना पुढच्या चाकांना ताकद, तिन्हींचं वजन १४०० किलोच्या आगेमागे. कागदावर होंडा ३२० पीएस (अश्वशक्ती) आणि ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, मेगान ३०० आणि ४००, ह्युंदाई २७५ आणि ३५३.

आदल्या रात्रीचं काम

तुलना बिघडते ती बहुतेक वेळा गाडी सुरू करण्याआधीच. एका गाडीचे टायर नवे, दुसरीचे चार वर्षांचे, तिसरीत ब्रेक ऑइल कधी बदललं ते मालकालाच माहीत नाही, आणि मग निकाल गाडीचा की देखभालीचा हेच कळत नाही.

टायरच्या बाजूवर कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३२२ असेल तर २०२२ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी जुना टायर कडक झालेला असतो. थंडीत पकडत नाही आणि तापला की एकदम सुटतो. तिन्ही गाड्यांचे टायर मुळात वेगवेगळे येतात: होंडाला २४५/३० आर२० काँटिनेंटल, मेगानला २४५/३५ आर१९ ब्रिजस्टोन, ह्युंदाईला २३५/३५ आर१९ पिरेली. सगळ्यांना एकच टायर बसवून चालवणं सर्वांत न्याय्य, पण मापं वेगळी आणि खर्च मोठा. आम्ही निदान तिन्हींचे टायर दोन वर्षांच्या आतले आणि मूळ कंपनीचेच असतील एवढं पाहिलं. त्यामुळे लॅपच्या वेळांची तुलना करायची नाही हेही तिथेच ठरलं.

ब्रेक ऑइल तिन्हींचं बदललं. यात कंजुषी करू नये. डॉट ४ दर्जाच्या ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो; ३.७ टक्के पाणी शोषलं की तोच १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, त्यामुळे दोन वर्षं जुन्या ऑइलवर रस्त्यावर काहीच जाणवत नाही आणि ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपला पेडल जमिनीला टेकतं. डॉट ५.१ ची किमान मर्यादा २६० आणि १८०. ट्रॅकसाठी मिळणारी खास ऑइल ३०० च्या वर जातात, पण ती लवकर लवकर बदलावी लागतात. डॉट ५ मात्र चुकूनही नको. ते सिलिकोनचं असतं आणि या गाड्यांसाठी नाही.

पॅड किमान सहा-सात मिलिमीटर शिल्लक हवेत. पातळ पॅड लवकर संपतो हा झाला एक मुद्दा. दुसरा जास्त महत्त्वाचा: पॅड पातळ असेल तर डिस्कची उष्णता थेट पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत पोचते. आय३० एनच्या पुढच्या चाकांना सरकता कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आहे, एकाच बाजूला पिस्टन. तिथे आतला आणि बाहेरचा पॅड दोन्ही बघा. चाकाच्या फटीतून दिसतो तो बाहेरचा, आणि झिजलेला बहुधा आतला असतो. होंडा आणि मेगान यांना ब्रेम्बोचे चार पिस्टनचे स्थिर कॅलिपर आहेत. त्यांचे पॅड बरेच सारखे झिजतात. नवे पॅड घातले असतील तर ताशी १०० वरून ३० पर्यंत आठ-दहा मध्यम ब्रेक मारून, पूर्ण न थांबता, मग तितकाच वेळ मोकळं चालवून ते बसवून घ्यायचे.

चाकांचे नट टॉर्क रेंचनेच आवळायचे. एफके८ ला १२७ न्यूटन-मीटर. मेगानला नट नसून बोल्ट आहेत, त्यामुळे चाक बसवताना भोकं जुळवायची कसरत वेगळी आणि आकडाही वेगळा. तो तिच्या पुस्तकातून घ्या. ट्रॅकवरच्या पहिल्या सत्रानंतर चाकं निवली की पुन्हा एकदा तपासायचे.

पेट्रोल तिन्हींत ९८ ऑक्टेनचं. ९५ वर चालतात, पण इंजिन तापल्यावर नॉक (पेट्रोल अवेळी पेटणं) टाळायला इग्निशन मागे ओढलं जातं आणि ताकद कमी होते. मग दोष इंजिनाला दिला जातो.

रस्ता

जर्मनीतल्या आयफेलच्या डोंगराळ भागात मार्ग असा घेतला: आडेनाऊहून केलबर्गकडे जाणारा बी २५७, न्युरबुर्गवरून ब्लांकेनहाइमच्या दिशेचा बी २५८, आणि मध्ये गावं जोडणारे, डांबराची ठिगळं लावलेले अरुंद रस्ते. साठेक किलोमीटर. तिन्ही गाड्या एकाच चालकाने चालवायच्या आणि क्रम होंडा, मेगान, ह्युंदाई, पुन्हा होंडा. ही चौथी फेरी जवळपास कोणी करत नाही, आणि तीच सर्वांत उपयोगी. पहिल्या फेरीत चालक रस्ता शिकत असतो, त्यामुळे पहिली गाडी नेहमी थोडी अवघड वाटते आणि शेवटची उगाच गुणी. होंडात परत बसल्यावर सकाळच्या निम्म्या तक्रारी खोडाव्या लागल्या.

उतारावर, वळणानंतर, दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा आणि मग पूर्ण थ्रॉटल. स्टीअरिंग हातात सैल धरायचं. टॉर्क स्टीअर, म्हणजे इंजिनाच्या ताकदीने स्टीअरिंग एका बाजूला ओढलं जाणं, इथे कळतो. होंडा आणि मेगान दोन्हींच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये स्टीअरिंगचा आस स्ट्रटपासून वेगळा केलेला आहे. त्यामुळे तो आस चाकाच्या मध्याजवळ येतो आणि ताकदीचा हिसका स्टीअरिंगपर्यंत कमी पोचतो. ह्युंदाईत तशी रचना नाही; रस्ता एका बाजूला कललेला असेल तिथे स्टीअरिंग हातातून ओढ घेतं. वाईट नाही, पण हात मोकळा सोडता येत नाही.

ठिगळांच्या रस्त्यावर चित्र उलटं होतं. होंडाच्या एफके८ मध्ये कम्फर्ट, स्पोर्ट आणि +आर असे तीनच मोड, आणि मनासारखं जुळवायला चौथा नाही. तो एफएल५ मध्ये आला. म्हणजे +आरचा चपळ थ्रॉटल हवा असेल तर +आरचा कडक डॅम्परही (शॉक अॅब्सॉर्बर) घ्यावा लागतो, आणि आयफेलच्या खडबडीत रस्त्यावर त्यात गाडी डांबरावर टिकत नाही, उड्या मारते. कम्फर्टमध्ये मात्र ती चकित करण्याइतकी शहाणी आहे. ह्युंदाईत एन कस्टममध्ये इंजिन, डॅम्पर, स्टीअरिंग, डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग), सायलेन्सरचा आवाज सगळं वेगवेगळं ठेवता येतं. आम्ही इंजिन आणि डिफरन्शियल सर्वांत वर, डॅम्पर सर्वांत मऊ, स्टीअरिंग हलकं असं लावलं, आणि मग ती गाडी दिवसभर तशीच राहिली. तिचं स्टीअरिंग सर्वांत जड मोडला लावलं की नुसतं जड होतं, बोलकं होत नाही.

मेगानचे डॅम्पर बदलत नाहीत. ट्रॉफीला कप चासी असते; साध्या आरएसपेक्षा स्प्रिंग ३० टक्के आणि डॅम्पर २५ टक्के कडक. तरी खोल खड्ड्यात ती आपटत नाही, कारण डॅम्परच्या टोकाला रबराऐवजी हायड्रॉलिक अटकाव आहे. सस्पेन्शनचा प्रवास संपत आला की ती ऊर्जा तेलात जिरते, स्प्रिंगसारखी उलटून परत येत नाही. मोड न बदलता हे होतं, म्हणून त्याची किंमत कागदावर दिसत नाही.

आणि फोरकंट्रोल, म्हणजे मेगानची मागची चाकं वळवणारी यंत्रणा. मागची चाकं ताशी ६० किलोमीटरपर्यंत पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात आणि त्यापुढे त्याच दिशेला. रेस मोडमध्ये ही सीमा १०० वर जाते. गावातल्या काटकोनी वळणावर मेगान जणू लहान होते. सवय नसेल तर पहिला तासभर प्रत्येक वळणावर स्टीअरिंग जास्त फिरवलं जातं आणि मग मध्येच सरळ करावं लागतं. ही गाडीची चूक नव्हे, पण दहा मिनिटांच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये ती चूकच वाटते. आमच्या मते अरुंद रस्त्यावर तिन्हींत मेगान सरस, आणि फरक थोडाथोडका नाही.

नॉर्डश्लाइफे तिथेच आहे, तिकीट काढून कोणीही जाऊ शकतो. मग तुलना तिथेच का केली नाही? कारण पर्यटकांच्या फेऱ्यांना तो रस्ता कायद्याने एकमार्गी सार्वजनिक रस्ता असतो. वेळ मोजायला बंदी, उजवीकडून ओव्हरटेक करायला बंदी, आणि मागून येणाऱ्याकडे सतत लक्ष. कठडा वाकला तर त्याचं आणि टोइंगचं बिल वेगळं येतं. अनेक विमा पॉलिसींत हा रस्ता नावानिशी वगळलेला असतो. २० किलोमीटरच्या फेरीत एकाच वळणावर त्याच गाडीने परत यायला दहा मिनिटं लागतात. तुलनेला पाठोपाठच्या फेऱ्या लागतात.

ट्रॅक

म्हणून बेल्जियममधलं झोल्डर. चार किलोमीटरचा ट्रॅक, सरळ पट्टे लांब नाहीत, मध्ये शिकेन (वेग कमी करायला लावणारी नागमोडी वळणं), आणि ब्रेकना निवायला वेळ मिळत नाही अशी रचना. ज्या फॉर्म्युला वन चालक झिल व्हिलनव्हचा १९८२ मध्ये इथेच पात्रता फेरीत मृत्यू झाला, त्याच्या नावाच्या शिकेनलाही गाडी जोरात थांबवावी लागते. अशा हॉट हॅचच्या (ताकदवान हॅचबॅकच्या) ब्रेकची परीक्षा घ्यायला इतकी निर्दय जागा त्या भागात दुसरी नाही.

आवाजाची तपासणी आधी होते. मायक्रोफोन सायलेन्सरच्या टोकापासून ५० सेंटिमीटरवर, ४५ अंशांत, इंजिन कमाल फेऱ्यांच्या तीन-चतुर्थांशावर. कंपनीच्या सायलेन्सरवर तिन्ही गाड्या अडणार नाहीत, पण मेगान आणि ह्युंदाईत झडप उघडणारे मोड आहेत. त्या दिवसाची मर्यादा कडक असेल तर झडप बंद राहील असा मोड लावा. ह्युंदाईत कस्टममधून फक्त आवाज खाली आणता येतो, बाकी सगळं वर ठेवून.

टायरची हवा थंड असताना साधारण २.० बार ठेवून सुरुवात केली. आपल्याकडे पंपावर ३२-३३ सांगायची सवय असते, त्या हिशेबात हे २९ होतं आणि कमी वाटतं. पण टायर दर दहा अंशांना सुमारे ०.१ बार वर जातो, आणि ट्रॅकवरून आल्यावर आपल्याला गरम टायरमध्ये २.४ च्या आसपास हवं असतं. पिटमध्ये आल्यावर एका मिनिटात मोजायचं, जास्त असेल ते काढायचं. संध्याकाळी घरी निघताना पुन्हा भरायला विसरू नये, २.० वर हायवेला जाणं धोक्याचं.

प्रत्येक गाडीला एक सत्र: एक सौम्य फेरी, मग पाच-सहा जोराच्या, मग ब्रेकला हात न लावता एक निवण्याची. ट्रॅकडेला (हौशी चालकांसाठी ट्रॅक खुला असतो त्या दिवशी) वेळ मोजू देत नाहीत, आणि आम्हाला मोजायचाही नव्हता. नोंद ठेवली ती पेडल किती खाली जातं याची, ऑइल आणि पाण्याच्या तापमानाची, हवेची आणि टायरच्या खांद्यांची. मेगान आणि ह्युंदाईत तापमान पडद्यावरच दिसतं. तिन्हींना एकच मोजमाप असावं म्हणून ओबीडीचा डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं यंत्र) सगळीकडे लावला. ऑइल १३० अंशांवर गेलं की जोर कमी करायचा, हा आमचा नियम.

दुसऱ्या लॅपला तिन्ही गाड्या उत्तम असतात. समीक्षेतले निम्मे लेख या दुसऱ्या लॅपवरच लिहिलेले वाटतात. फरक चौथ्यापासून दिसतो.

ह्युंदाईचं पेडल सर्वांत आधी लांबलं. कारण वर सांगितलं तेच: सरकता कॅलिपर तापला की किंचित फाकतो, पॅड पाचरीसारखा तिरका झिजतो, आणि पायाचा पहिला प्रवास तो तिरकेपणा भरून काढण्यात जातो. डिस्क ३४५ मिलिमीटरची आहे, म्हणजे लहान नाही. ट्रॅकसाठीचे पॅड घातले की ही तक्रार बरीच कमी होते, आणि या मापाचे पॅड ब्रेम्बोपेक्षा स्वस्त पडतात. तिचं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल मात्र भारी काम करतं. आतलं चाक हलकं होतं तिथेही बाहेरच्याला ताकद देतं, कारण ते क्लचच्या चकत्या दाबून लॉक होतं. होंडा आणि मेगानची यांत्रिक, दातेरी डिफरन्शियलं आतल्या चाकावर काहीतरी भार असेपर्यंतच गुणकारी. कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) आतलं चाक उचललं गेलं की ती ताकद हवेत जाते. म्हणून त्या दोघींना झोल्डरच्या शिकेनमध्ये कर्ब टाळून चालवावं लागलं, ह्युंदाईला नाही.

लांबलेल्या पेडलचा एक त्रास कोणी सांगत नाही. मेगानच्या मॅन्युअलला गिअर खाली टाकताना इंजिनाच्या फेऱ्या आपोआप जुळवण्याची सोय नाही; टाचेने थ्रॉटल द्यावा लागतो. ब्रेकचं पेडल खाली गेलं की दोन पेडलांची उंची बदलते, टाच थ्रॉटलवर नीट बसत नाही आणि नेमक्या ब्रेकच्या क्षणी पुढची चाकं गिअरच्या झटक्याने अडखळतात. होंडा आणि ह्युंदाईत ही सोय आहे आणि बंदही करता येते. रस्त्यावर बंद ठेवा हवं तर, तापलेल्या ट्रॅकवर चालू ठेवण्यात कमीपणा नाही.

मेगानला फोरकंट्रोलची १०० ची सीमा ट्रॅकवर जाणवते. रेस मोडमध्ये हळू वळणात मागची बाजू मदत करते, वेगाच्या वळणात गाडी रुळावर असल्यासारखी स्थिर होते, पण ९५ ते १०५ च्या मधल्या वळणात एकदा असं आणि एकदा तसं. थ्रॉटल सोडला तर नाक अपेक्षेपेक्षा लवकर आत येतं. ट्रॉफी-आरमधून ही यंत्रणा काढली ती वजनासाठी, पण चालवताना दुसरं कारणही पटतं.

होंडाची गोष्ट तापमानाची. २०१७ ते २०१९ च्या एफके८ गरम दिवशी ट्रॅकवर पाणी तापून ताकद कमी करतात, ही प्रसिद्ध तक्रार. २०२० च्या फेसलिफ्टमध्ये पुढची जाळी १३ टक्के मोठी झाली, रेडिएटर बदलला आणि दोन भागांची डिस्क आली. पाण्याचं तापमान दहा अंशांपर्यंत कमी झाल्याचं होंडा सांगते. सेकंडहँड घेताना हा एकच तपशील हजारभर युरोंपेक्षा मोलाचा आहे. फेसलिफ्टची गाडी आमच्या सहा फेऱ्यांत पेडल आणि ताकद दोन्हींत सर्वांत कमी बदलली. तिचा खरा शत्रू २० इंची चाक. टायरची भिंत इतकी बुटकी की कर्बवर रिम वाकते. ट्रॅकवाले १८ इंची चाकं घेतात, आणि ३५० मिलिमीटरच्या डिस्कवर ती बसतात.

तिन्ही गाड्यांत स्थिरता प्रणाली पूर्ण चालू ठेवून जाऊ नका, निदान सौम्य मोड लावा. ती वळणात एकेका चाकाचा ब्रेक स्वतः ओढत राहते. तुम्ही ब्रेक मारलाच नाही तरी पॅड तापतात आणि मागचे आधी संपतात. नवशिक्याने पूर्ण बंद करू नये, हे वेगळं सांगायला नको.

पिटमध्ये परतल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून राहिला की तिथेच त्याचा थर चिकटतो आणि मग ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकली म्हणतात. ह्युंदाईच्या मॅन्युअलला हाताची दांडी आहे, प्रश्न नाही. इतर दोघींत बटणाचा ब्रेक आहे. इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो का हे आधी बघून ती सोय बंद करा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाखाली ठोकळा लावा.

टायरच्या खांद्यावर सकाळी खडूची रेघ मारली होती. सत्रानंतर तिन्हींत पुढच्या बाहेरच्या टायरची रेघ पार पुसलेली. कंपनीचा कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूचा कल) रस्त्यासाठी असतो, ट्रॅकला कमी पडतो. पायरोमीटरने (टायरचं तापमान मोजणाऱ्या यंत्राने) आतला, मधला आणि बाहेरचा भाग मोजला की चित्र स्पष्ट होतं: मधला जास्त गरम असेल तर हवा जास्त, बाहेरचा आतल्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर कॅम्बर कमी. वर्षात चार-पाच ट्रॅकडे करणाऱ्याने इंजिनावर खर्च करण्याआधी हा खर्च करावा. एका संध्याकाळी टायरचा खांदा संपवून घरी यायचं नसेल तर दर सत्रानंतर डावे-उजवे टायर अदलाबदल करणं हा तात्पुरता उपाय, पण टायरच्या बाजूवर दिशा छापलेली नसेल तरच.

आमच्यात एकमत झालं नाही. एकच गाडी, रोजचा प्रवास आणि कधीमधी ट्रॅक असेल तर ट्रॅकचे पॅड घातलेली आय३० एन. ऑस्ट्रेलियात तर ह्युंदाईची वॉरंटी स्पर्धा नसलेल्या ट्रॅक वापरालाही लागू असते, त्यामुळे मेलबर्न-सिडनीच्या मंडळींनी फार विचार करू नये. ट्रॅक जास्त असेल तर २०२० नंतरची एफके८ आणि १८ इंची चाकं. मेगानचं नाव घेणारा आमच्यातला एक जण अजून म्हणतो की झोल्डरचा दिवस बाजूला ठेवा आणि केलबर्गचा रस्ता आठवा. त्याच्या गाडीचे बाहेरचे खांदे गेल्यामुळे पुढचे दोन टायर आता बदलायचे आहेत.